बाग बंद आहे, आत कार्यक्रम आहे

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला भाचीच्या दोन पोरांना घेऊन मी सांगलीतल्याच एका बागेत गेले, तर फाटकाला कुलूप. आत स्टेजचा लोखंडी सांगाडा उभा राहत होता. घसरगुंडीला टेकून स्पीकरची खोकी रचली होती. झोपाळ्यांच्या साखळ्या वर गुंडाळून सुतळीनं बांधून टाकल्या होत्या. बाहेर पंधरा-वीस पोरं जाळीला नाक लावून उभी. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "बाग बंद हाय मावशी आज. आत कार्यक्रम हाय." कसला, म्हटल्यावर त्यानं हनुवटीनंच फ्लेक्स दाखवला. लहान मुलांसाठी उन्हाळी महोत्सव होता. उद्घाटन रात्री आठ वाजता, मान्यवरांच्या हस्ते.

हट्टानं रात्री परत गेलो. मान्यवर पावणेदहाला आले. तोवर धाकटा माझ्या मांडीवर झोपून गेला होता. सत्कार मी मोजले, चौदा झाले. मुलांच्या वाट्याला शेवटी बिस्किटाचे पुडे आले. दुसऱ्या दिवशी बागेत खांबांचे खड्डे होते, तिसऱ्या दिवशीही झोपाळे बांधलेलेच, कारण मंडपवाला सामान न्यायला आलाच नव्हता. मुलांच्या महोत्सवापायी मुलांच्या तीन संध्याकाळी गेल्या.

तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. आपल्याकडं बागेत काही करायचं म्हणजे आधी बाग लोकांकडून काढून घ्यायची, तिच्यावर काहीतरी चढवायचं आणि मग तीच बाग लोकांना बघायला बोलवायची. उन्हाळ्यात बागेला सोहळ्यापेक्षा माणसाची गरज असते, असं माझं मत आहे. रोज ठरल्या वेळेला येणारा, मानधन घेणारा, खिशात फाटकाची किल्ली आणि पिशवीत चार चेंडू असलेला माणूस. हे मत भाबडं वाटेल, पण ते पुरतं हिशेबी आहे आणि हिशेब मी पुढं देणारच आहे.

उन्हाळ्यात उघड्यावर जमायला आपल्याला कुणी शिकवायला नको. रब्बीचं रान मोकळं झालं की आपल्याकडं जत्रा लागतात. शिखर शिंगणापूरची यात्रा चैत्रातली, खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्रातलीच. त्याशिवाय गावागणिक दोन दिवस ठरलेले. पालखी, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. हाताला काम कमी आणि रात्र जरा गार, एवढा साधा विचार त्यामागं होता. शाळेची सुट्टी त्यात फार नंतर येऊन मिसळली.

माझं आजोळ वाईचं. तिथल्या कृष्णामाईच्या उत्सवाची रीत मला आजही शहाणी वाटते. वाईत घाट सात. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकेका घाटावर पाळीनं उत्सव बसतो. एका आळीचा उठला की दुसरीचा. कीर्तन, भजन, प्रसाद. मांडव आळीचा, वाढपीही आळीचेच. लहानपणी मला सगळ्यात आवडायचं ते असं, की एका अंगाला बुवा रंगात आलेले असायचे आणि चार पायऱ्या खाली कुणीतरी बाई धुणं धूत असायची. तिला कुणी उठवायचं नाही. बुवांनाही त्याचं काही नसायचं. उत्सव घाटावर होता, पण घाट उत्सवाच्या मालकीचा झाला नव्हता. आमच्या बागेतल्या स्टेजला नेमकं हेच जमत नाही.

त्याच वाईत दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते. शंभरी कधीच ओलांडली तिनं. पुण्याची वसंत व्याख्यानमाला त्याहून जुनी, न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली. उकाड्यानं माणूस संध्याकाळी घराबाहेर पडणारच आहे, त्याला बसायला जागा आणि ऐकायला विषय द्यावा, इतकंच. सुट्टीतल्या पोरांच्या बाबतीत आपण एवढाही विचार करत नाही.

एक बाजू मात्र मान्य करते, नाहीतर लबाडी होईल. त्या महोत्सवाच्या रात्री अकरा वाजेपर्यंत बायका बिनघोर बसल्या होत्या. एरवी सात वाजले की त्या बागेतून बायका निघून जातात, कारण मागच्या बाजूचे दोन दिवे बंद असतात आणि तिथं कोण बसतं हे सगळ्यांना माहीत आहे. उजेड होता, गर्दी होती, म्हणून त्या थांबल्या. पण त्यातून निघतं काय? बागेला रोज दिवे हवेत, हे निघतं. वर्षातून एका रात्री जनरेटरवर झगमगाट करून ते भागत नाही.

आता, असा साधा माणूस नेमण्याऐवजी आपण स्टेज, कारंजी आणि ओपन जिम का घेऊन बसतो? यात कुणी एक नालायक आहे असं मला वाटत नाही. पैशाची वाटच तशी आखलेली आहे. खासदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी. त्यातून टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी करायची, असा नियम आहे. मालमत्ता म्हणजे भिंत, शेड, व्यायामाची लोखंडी यंत्रं. पगार, मानधन, चेंडू, पाण्याचे जार हा झाला चालू खर्च, आणि तो या दारातून आत येत नाही. शिवाय बांधकामाचं टेंडर निघतं, मोजमाप होतं, बिल निघतं, फीत कापता येते. चेंडूचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून एखाद्या बागेत व्यायामाची दहा यंत्रं असतात आणि ती कशी वापरायची हे दाखवायला एकही माणूस नसतो. मग पोरं त्या यंत्रांवर झोके घेतात आणि आपण पोरांना बेशिस्त म्हणतो.

कायद्यानंही बागेला जरा दुय्यमच धरलंय. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली, तिच्यात नागरी संस्थांच्या कामांत उद्यानं आणि क्रीडांगणं नावानिशी आहेत. पण महापालिकांच्या 1949 च्या अधिनियमात कामांचे दोन गट आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणी, गटार, दिवाबत्ती बंधनकारक. बागा, मैदानं ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर. आणि महापालिकेचे पैसे उरले, असं मी तरी कधी ऐकलं नाही.

त्यात सुशोभीकरण नावाचं प्रकरण आलं. जुनी बाग सुशोभित झाली की मला धडकीच भरते. वाटांवर पेव्हर ब्लॉक, मध्ये कारंजं, त्यात सहा महिन्यांनी शेवाळ, सिमेंटचं हरीण, 'आय लव्ह' म्हणणारी लाल अक्षरं, फोटो काढायची कमान, आणि उरलेल्या तुकड्यावर लॉन, ज्यावर चालायला मनाई. प्रत्येक वस्तू सुटी घेतली तर वाईट नाही. सगळ्या मिळून रिकामी जागा खाऊन टाकतात. सांगली जिल्ह्याला खरं तर रिकाम्या जमिनीचं मोल नव्यानं सांगायला नको. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली मुंबईत आपल्या सर्कशीचा खेळ केला, तिथून भारतीय सर्कस सुरू झाली. पुढं म्हैसाळच्या देवलांनी आपली सर्कस गावोगाव फिरवली. सर्कशीला काय लागतं? सपाट, मोकळी जमीन. तंबू उतरला, खेळ झाले, तंबू उठला, की मैदान पुन्हा पोरांचं. काहीच न बांधलेली जागा सगळ्यांत जास्त कामाला येते, हे त्या मंडळींना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

उन्हाबद्दल थोडं. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. दुपारी 12 ते 3 उन्हात जाऊ नका, असं सरकारी आवाहन दरवर्षी येतं आणि ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ आपण काय लावला, तर दुपारी बागांना कुलूप. अनेक बागा सकाळी दहा-अकराला मिटतात त्या चार-पाचला उघडतात. मी विचारलं तेव्हा कारण सांगितलं गेलं, पोरांना ऊन लागेल. ठीक आहे, पण ते पोर दुपारी तीनला असतं कुठं? पंखा आणि जाड भिंती असलेल्या घरात असेल तर उत्तमच. दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत असेल, आई कामावर गेली असेल, तर तिथं आतलं ऊन बाहेरच्यापेक्षा बरं नसतं. कुलपानं त्या पोराचं ऊन चुकत नाही, सावली तेवढी चुकते. चिंच, वड, आंबा यांच्या खालची हवा डांबरी रस्त्यापेक्षा किती निराळी असते ते अंगाला लगेच कळतं. पान ऊन अडवतं आणि वर पाणी हवेत सोडून हवा थंडही करतं. आपल्या शहरात मधोमध आमराई आहे, भल्या सकाळी फिरणाऱ्यांनी ती भरलेली असते. जुन्या झाडांची किंमत काय, हे सांगलीकराला सांगावं लागू नये. तरी नव्या बागांत आपण लावतो बॉटल पाम, ज्याची सावली टोपीएवढी पडते.

दुपारच्या बागेत काही कार्यक्रम घेऊ नये. उघडी ठेवावी, बस्स. एक पाण्याचा रांजण, झाडाखाली दोन सतरंज्या, एक कॅरम, गोष्टींच्या पुस्तकांची पेटी. चैत्र-वैशाखात पाणपोई घालणं हे पुण्याचं काम मानणाऱ्या लोकांना यात नवीन काही नाही. आणि ती सावली फक्त पोरांसाठी कशाला? मार्केट यार्डात हळदीची पोती वाहून दमलेला हमाल, पार्सल पोचवणारी पोरं, भाजीची गाडी लावणारी बाई, यांनाही तासभर टेकायला जागा लागते. "बागेत कुणीही येऊन झोपतात" अशी तक्रार मी ऐकलीये. झोपू द्यावं की. दमलेल्या माणसानं सावलीत झोपणं हा बागेचा गैरवापर आहे, असं मला कधीच वाटलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही स्वतःच करून पाहिलं. आमच्या वसाहतीच्या लेआउटमध्ये सोडलेली ओपन स्पेस आहे, काट्याकुट्यांनी आणि प्लास्टिकनं भरलेली. मी नुकतीच नोकरीतून निवृत्त झालेले. समोरच्या काकू आणि कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला दादा तयार झाले. दोन दिवस सफाई केली. शिवाय बी.पी.एड. करणारी एक मुलगी आणि बारावीत गेलेला, खो-खो खेळणारा एक मुलगा, दोघांना दिवसाला प्रत्येकी 200 रुपये देऊन 21 संध्याकाळी बोलावलं. साडेपाच ते सात. माइक नाही, फ्लेक्स नाही, प्रमाणपत्र नाही.

पहिल्या दिवशी 43 पोरं. चौथ्या दिवशी 12. मी खचलेच. काकू म्हणाल्या, "अगं, पहिल्या दिवशी सरबत होतं." त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या आठवड्यात आकडा पंचवीसच्या आसपास येऊन थांबला, आणि मग शेवटपर्यंत तीच पोरं, रोज. लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत, साखळी, आट्यापाट्या. आट्यापाट्यांची फक्की मारायला शिकवावी लागली, दोघा शिक्षकांनाही. एक चेंडू शेजारच्या बंगल्यात गेला, परत आला नाही. दुसराही आला नाही. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेले तर त्या आजोबांनी पुढ्यात तिन्ही चेंडू ठेवून विचारलं, "माझी झोप सव्वासहापर्यंत असते, तुम्हाला ठाऊक होतं का?" ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून सव्वासहापर्यंत लंगडी आणि बैठे खेळ, चेंडू त्यानंतर. शेवटच्या आठवड्यात ते आजोबा खुर्ची घेऊन पंच म्हणून बसत. चुकीचे निर्णय देत, पण पोरं ऐकत.

खर्च सांगते. पाण्याचे रोज 3 जार, 30 रुपयांप्रमाणे, 21 दिवसांचे 1890. चेंडू, दोऱ्या, फक्की, शिट्टी, पट्ट्या-मलम मिळून 1400. मानधन 8400. एकूण 11690 रुपये. रोजची सरासरी 25 पोरं धरली तर पोरामागं एका संध्याकाळचे साधारण 22 रुपये, म्हणजे रसवंतीतला एक ग्लास. त्याच सुट्टीत भाचीनं थोरल्याला एका समर कॅम्पला घातलं होतं. पंधरा दिवस, एसी हॉल, 2500 रुपये. त्यानं तिथून आणलेला कागदी मुखवटा अजून फ्रिजवर आहे. कॅम्प वाईट नव्हता. पण ज्याच्याकडं 2500 आहेत त्याच्याच सुट्टीला आकार यावा आणि बाकीच्यांनी मोबाइलवर बोटं फिरवत बसावं, ही विभागणी मला पटत नाही.

आता हेच एका सार्वजनिक बागेसाठी मांडा. 1 मे ते 14 जून, 45 संध्याकाळी. दोन तरुण, रोज प्रत्येकी 400 रुपये, झाले 36000. पाणी 4050. साहित्याला 3000 ठेवा. 43050 रुपयांत अख्खी सुट्टी निघते. ओळखीच्या मंडपवाल्याला विचारलं, एका रात्रीचं स्टेज, साउंड, लाइट आणि खुर्च्या कितीला? तो म्हणाला, "ताई, साठ हजाराच्या खाली कोण हात बी लावत न्हाई." यात कलाकारांचं मानधन धरलेलं नाही, हेही त्यानं आवर्जून सांगितलं.

मैत्रिणी म्हणतात, एवढं चांगलं झालं तर दरवर्षी तुम्हीच करा की, सगळं पालिकेनं का करायचं? इथं माझं त्यांच्याशी पटत नाही. लोकसहभाग हा शब्द ऐकला की मी सावध होते. दुसऱ्या आठवड्यात काकूंच्या घरी लग्नाची बोलणी सुरू झाली, दादाला दुकान सोडता येईना, मला कंबरदुखी. ते दोघे तरुण रोज आले म्हणूनच ते टिकलं, आणि ते रोज आले कारण त्यांना पैसे मिळत होते. हौस एकवीस दिवस पुरते, जेमतेम. शहराची सोय हौसेवर टाकली तर ती जिथं निवृत्त, सुस्थितीतली माणसं राहतात तिथंच होणार. म्हणजे जिथं तिची गरज सर्वांत कमी, तिथंच.

गरज जास्त कुठं, ते सांगलीत कुणालाही ठाऊक आहे. शहराचा मोठा भाग गुंठेवारीत वाढला. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पडले, स्टॅम्प पेपरवर विकले गेले, आणि 2001 साली ते नियमित करायचा कायदाच करावा लागला. मंजूर लेआउटमध्ये निदान दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. गुंठेवारीत रस्ताच जेमतेम, तिथं मैदान कोण सोडणार? शामरावनगरसारख्या गुंठेवारी वस्तीत पावसाळ्यात जाऊन आलेल्याला हे सांगावं लागत नाही. केंद्राच्या नगरनियोजनाच्या 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. गुंठेवारीतल्या पोराला तो आकडा ऐकवणं म्हणजे थट्टाच. तेव्हा "बागेत कार्यक्रम घ्या" असं नुसतं म्हटलं तर आपण बाग असणाऱ्यांनाच आणखी वाढतोय.

यावर उत्तर आहे, आणि ते कुलपाआडच आहे. शाळांची मैदानं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान सांगितलंय. लहान का होईना, ते बहुतेक सरकारी शाळांना असतं, आणि त्या शाळा नेमक्या अशाच वस्त्यांत असतात. मे महिना लागला की फाटक बंद, ते थेट जूनच्या मध्यावर उघडणार. पोरांना वेळ असतो तेव्हा मैदान बंद, आणि मैदान उघडं असतं तेव्हा पोरं वर्गात. कारण विचारलं की सांगतात, खिडक्या फुटतील, नळ मोडतील, जबाबदारी कुणाची? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर आधीच कमी कागद नाहीत. म्हणूनच मैदान नुसतं उघडून चालणार नाही. किल्ली ज्याच्या नावावर दिली आहे असा, हजेरीवर सही करणारा माणूस तिथं हवा.

पोरींबद्दल वेगळं बोलायला हवं. सांगली म्हटलं की आता सगळे स्मृती मानधनाचं नाव घेतात. ती इथंच वाढली, अकराव्या वर्षी राज्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात गेली, अभिमान आहेच. पण जी मुलगी भारताकडून खेळणार नाहीये, तिलाही संध्याकाळी पळायचं असतं. आमच्याकडं बारा-तेराच्या पुढच्या पोरी पहिले चार दिवस कडेला उभ्या राहून बघत होत्या. आत आल्या त्या शिकवायला ताई होती म्हणून. नुसता दादा असता तर आल्या नसत्या, हे त्यांच्यातल्याच एकीनं मला सांगितलं. आणखी एकीला रोज कडेवर दीड वर्षाचा भाऊ आणावा लागायचा. दोन दिवस ती आली नाही तेव्हा कळलं, की भावाला घेऊन यायचं नाही असं आमच्यापैकीच कुणीतरी तिला बोललं होतं. मग काकूंनी एक गोधडी अंथरली आणि भावांचा एक वेगळा संघच झाला. अशा गोष्टी स्टेजवरून दिसत नाहीत. त्या रोज येणाऱ्या माणसाला दिसतात.

तिसऱ्या आठवड्यात पोरांना न्यायला आलेल्या आयांनी लगोरी मांडली. दिवसभर गच्चीवर कुरडया-सांडगे घालून दमलेल्या बायका. एकीचा नेम इतका पक्का की पोरं अवाक. विचारलं तर म्हणाली, "आमच्या गावात मी आंबं पाडायची दगडानं."

माइकबद्दल माझा हट्ट आहे आणि तो सोडायचा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. ते कितपत पाळलं जातं ते आपण जाणतो. पण मला नियमापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. माइक आला की बोलणारा एक आणि ऐकणारे सगळे. माइक नसला की साठ-सत्तर माणसांचं कोंडाळं पुरतं, आणि त्यात कुणीही मध्येच बोलू शकतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं तेव्हा माइक कुठं होता? नाट्यपंढरी म्हणून आपण मिरवतो, तर दर शनिवारी एका बागेत झाडाखाली पोरांनी बसवलेलं वीस मिनिटांचं नाटुकलं का होऊ नये? आवाज पोचला नाही तर पुढं सरकून बसतील.

शेजारपाजाऱ्यांची ओळख हा तर अशा संध्याकाळींचा फुकटचा लाभ. 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 फूट असताना. माझी बहीण सांगलीच्या जुन्या गावभागात राहते. तिच्या शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्याच आहेत, हे तिला बोट येऊन गेल्यावर कळलं. सहा वर्षं एका गल्लीत राहून. पुढच्या बोटीनं आजी सुखरूप निघाल्या, पण बहीण ती गोष्ट अजून विसरलेली नाही. मी असं म्हणत नाही की लगोरी खेळल्यानं पूर ओसरतो. पण आमच्या ओपन स्पेसवर 21 दिवसांत मला अठरा घरं नावानिशी कळली. त्याआधी मी तिथं अकरा वर्षं राहत होते.

सतराव्या संध्याकाळी वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, बघता बघता गारा. पोरांना सायकलच्या दुकानाच्या पत्र्याखाली घेतलं, आजोबा खुर्ची डोक्यावर धरून आले. फक्कीच्या रेषा वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी चिखल होता, तरी 19 पोरं आली.

यंदा आम्हाला ओपन स्पेस सोडून जवळच्या शाळेचं मैदान हवंय. तिथं पलीकडच्या वस्तीतली पोरं चालत येऊ शकतात, आमच्याकडं यायला त्यांना मोठा रस्ता ओलांडावा लागतो. फेब्रुवारीत अर्ज दिला. एका टेबलावरून सांगितलं, मैदान आमचं पण किल्ली त्यांच्याकडं. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, किल्ली आमच्याकडं पण परवानगी वरून. वरच्यांनी विचारलं, कार्यक्रमाचं स्वरूप काय, उद्घाटक कोण, स्टेज किती बाय किती? स्वरूपाच्या रकान्यात मी लिहिलं, खेळ. उद्घाटक आणि स्टेजचे रकाने कोरे ठेवले. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. आता काकूंनी सुचवलंय की उद्घाटक म्हणून त्या आजोबांचं नाव घालू आणि स्टेजपुढं लिहू, खुर्ची एक. उद्या परत देऊन येते.